आक्रमक पाणवनस्पतींचा तळ्यावरील परिणाम कसा तपासावा आणि उपाय कसा निवडावा

तळे किंवा नदीचा संथ पट्टा परक्या पाणवनस्पतीने भरला की ती काढून टाकण्याची घाई होते, आणि ती घाई समजण्यासारखीही असते. मात्र यंत्र किंवा जाळे पाण्यात उतरवण्यापूर्वी त्या वनस्पतीने त्या पाण्यात नेमके काय बदलले आहे याची मोजणी करून ठेवली नाही, तर काढणीनंतर पाणी सुधारले की बिघडले हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. ही मोजणी कशी करावी, आकड्यांचा अर्थ कसा लावावा आणि उपाय ठरवताना त्यांचा उपयोग कसा करावा, हे पुढे सांगितले आहे. तळ्यांची देखरेख करणारे नागरिक गट, निसर्गमंडळे आणि पाणवठ्यांची जबाबदारी असलेले कर्मचारी यांना हे काम थोड्या साधनांत करता येते. त्यासाठी सातत्य मात्र भरपूर लागते.

प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना एका गोष्टीवरून यावी. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने, म्हणजे आयपीबीईएसने, २०२३ मध्ये आक्रमक परक्या प्रजातींविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात जमिनीवरील आणि गोड्या पाण्यातील अशा सर्व प्रजातींमध्ये जगात सर्वाधिक पसरलेली प्रजाती म्हणून जलपर्णीची नोंद आहे. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती तिच्या जांभळट फुलांसाठी माणसांनीच हौसेने खंडोखंडी नेली. बहुतेक आक्रमक पाणवनस्पतींचा प्रवास असाच, मत्स्यालये आणि बागेतील हौदांच्या व्यापारातून झालेला आहे.

ओळख पक्की केल्याशिवाय पुढे जाऊ नये

चुकीच्या ओळखीची किंमत किती मोठी असू शकते हे साल्व्हिनियाच्या उदाहरणावरून दिसते. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरील करीबा धरणाचा जलाशय भरू लागल्यावर थोड्याच वर्षांत एका तरंगत्या नेच्याने त्याचा मोठा भाग व्यापला. या नेच्याला तेव्हा साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजले जात होते, म्हणून त्या प्रजातीवर जगणारे कीटक शोधून ते वेगवेगळ्या देशांत सोडण्यात आले, पण अपेक्षित यश मिळाले नाही. १९७२ मध्ये ही वेगळी प्रजाती असल्याचे स्पष्ट झाले आणि तिला साल्व्हिनिया मोलेस्टा असे नाव मिळाले. त्यानंतर १९७८ मध्ये तिचे मूळ स्थान आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले आणि तिथल्या एका बारीक सोंडकिड्याने चित्र पालटले. ऑस्ट्रेलियातील मूंडारा तलावात १९८० मध्ये हा किडा सोडल्यावर सव्वा वर्षाच्या आतच सुमारे १८,००० टन साल्व्हिनिया नष्ट झाला. एवढे होऊनही किड्याची स्वतःची ओळख चुकलेलीच होती. तो नव्या प्रजातीचा असून त्याचे नाव सिर्टोबॅगस साल्व्हिनिए असावे, हे १९८५ मध्ये ठरले.

म्हणून पहिले काम हे की वनस्पतीची पाने, देठ, पेरे, मुळे, फुले आणि फळे यांची जवळून आणि मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, एक-दोन नमुने कागदात दाबून वाळवावेत आणि वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून नाव निश्चित करून घ्यावे. जिवंत नमुना पिशवीत घालून दुसऱ्या गावी पाठवू नये, कारण अनेक पाणवनस्पतींना नवी वसाहत उभी करायला एक पेर असलेला तुकडा पुरतो. साल्व्हिनिया मोलेस्टा तर वांझ आहे. तिला बीजाणूंपासून नवी रोपे देता येत नाहीत, तिचा साऱ्या जगातला प्रसार तुकड्यांवरच झालेला आहे.

ओळख पटल्यावर ती वनस्पती त्या ठिकाणी खरोखरच परकी आहे का, हे पाहावे. हायड्रिला आशियातील अनेक पाणथळांची मूळ रहिवासी आहे आणि तिथे ती माशांना आसरा व पाणपक्ष्यांना खाद्य देते. हीच हायड्रिला उत्तर अमेरिकेत गेल्यावर मात्र तिथल्या सर्वांत त्रासदायक पाणतणांपैकी एक ठरली. उलट, मूळची स्थानिक वनस्पतीसुद्धा सांडपाण्याच्या खतावर अनावर वाढू शकते. अशा वेळी परकेपणाकडे बोट दाखवून उपयोग नसतो, सांडपाण्याकडेच पाहावे लागते. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आलेल्या कॅनेडियन एलोडियाने कालवे तुंबवले होते, पण पुढे तिचा जोर आपोआप ओसरला. प्रत्येक परकी वनस्पती कायम आक्रमकच राहते असे नाही, ही शक्यताही नोंद ठेवणाऱ्याने मनात ठेवावी.

वनस्पती पाण्याच्या कोणत्या थरात आहे, यावर तिचा परिणाम ठरतो

जलपर्णी, साल्व्हिनिया, पिस्टिया यांसारख्या तरंगणाऱ्या वनस्पती पाण्याच्या पृष्ठभागावर झाकणासारख्या बसतात. त्यांचे प्रकाशसंश्लेषण हवेत होते, म्हणजे त्यांनी तयार केलेला ऑक्सिजन बहुतांशी हवेत जातो. पाण्याच्या वाट्याला सावली आणि सडणारी मुळे-पाने एवढेच येते. खाली प्रकाश पोहोचत नाही म्हणून तळाशी रुजलेल्या स्थानिक वनस्पती मरतात आणि वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, कमी होतात, त्यांवर जगणारे प्राणिप्लवक (तसेच सूक्ष्म प्राणी) घटतात आणि त्यांच्यावर वाढणाऱ्या माशांच्या पिलांचे खाद्य आटते. वारा पाण्याला ढवळू शकत नाही, त्यामुळे हवेतून मिसळणारा ऑक्सिजनही तुटतो. तळाशी ऑक्सिजन संपला की गाळात लोहाशी बांधलेला स्फुरद (फॉस्फरस) सुटून पाण्यात येतो आणि वरच्या वनस्पतीला पुन्हा खत मिळते. हे चक्र एकदा सुरू झाले की बाहेरून येणारे सांडपाणी थांबवल्यावरही ते काही वर्षे चालू राहू शकते, आणि सुधारणेला इतका वेळ का लागतो याचे उत्तर बहुधा इथेच असते.

हायड्रिला, एजेरिया, कॅबोम्बा, युरेशियन मिरिओफायलम या बुडालेल्या वनस्पतींचे वागणे वेगळे असते. त्या पाण्यातच ऑक्सिजन सोडतात, त्यामुळे दुपारी मोजणी केली तर पाणी उत्तम असल्याचा भास होतो. त्याच वेळी पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषला गेल्याने सामू (पीएच) ९ च्या वर जाऊ शकतो, आणि सामू चढला की पाण्यातील अमोनियाचा विषारी अंश वाढतो. रात्री हाच दाट पट्टा श्वसनासाठी ऑक्सिजन ओढतो आणि पहाटे पाणी गुदमरते. शिवाय हायड्रिलासारखी वनस्पती फार मंद प्रकाशात वाढू लागते, पृष्ठभागाशी पोहोचल्यावर फांद्यांचे जाळे पसरते आणि उशिरा वाढणाऱ्या स्थानिक वनस्पतींचा प्रकाश अडवते.

तिसरा गट काठाशी रुजून पाण्यावर पसरणाऱ्यांचा; अल्टर्नँथेरा, लुडविजिया आणि बेशरम या नावाने ओळखली जाणारी आयपोमिया यांचा त्यात समावेश होतो. त्या काठाचा उथळ पट्टा व्यापतात, गाळ अडवतात आणि पाण्याची जागा हळूहळू जमिनीला देतात. बेडूक, चतुर, कित्येक मासे आणि चिखलात चोच घालणारे पक्षी याच पट्ट्यावर अवलंबून असतात, म्हणून नकाशावर अरुंद दिसणाऱ्या या पट्ट्याचे नुकसान त्याच्या क्षेत्रफळावरून जोखू नये.

क्षेत्र आणि दाटी मोजणे

तळ्याचा साधा नकाशा काढून त्यावर काठापासून आत जाणाऱ्या पाच-सहा रेषा आखाव्यात आणि प्रत्येक रेषेवर ठरावीक अंतराने थांबे निश्चित करावेत. तरंगत्या वनस्पतींसाठी प्रत्येक थांब्यावर अर्धा मीटर बाजूची चौकट पाण्यावर ठेवून चौकटीतील किती टक्के पृष्ठभाग झाकला आहे ते लिहावे, आणि काही चौकटींतील सर्व वनस्पती उचलून, पाणी निथळू देऊन वजन करावे. बुडालेल्या वनस्पतींसाठी दोरी बांधलेला दाताळा ठरावीक अंतरावर फेकून सारख्या वेगाने ओढावा. दाते रिकामे आले तर शून्य, थोडे भरले तर एक, निम्म्याहून अधिक भरले तर दोन आणि गच्च भरले तर तीन, असा गुण द्यावा. पद्धत साधी आहे, पण दर वेळी तोच दाताळा, तीच दोरी आणि शक्यतो तीच माणसे असली तरच दोन महिन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

सोबत कोणत्या स्थानिक वनस्पती सापडल्या तेही त्याच कागदावर लिहावे. परक्या वनस्पतीचे क्षेत्र किती वाढले यापेक्षा स्थानिक प्रजाती किती थांब्यांवरून नाहीशा झाल्या, हा आकडा मला अधिक बोलका वाटतो, आणि बहुतेक अहवालांत नेमका तोच नसतो.

पहाटेचा ऑक्सिजन

एकच मोजणी करणे शक्य असेल तर ती सूर्योदयापूर्वीच्या विरघळलेल्या ऑक्सिजनची करावी. रात्रभर वनस्पती, मासे आणि जिवाणू ऑक्सिजन वापरत असतात आणि नवा तयार होत नसतो, त्यामुळे चोवीस तासांतील नीचांक या वेळी सापडतो. त्याच जागी दुपारी दोन-तीनच्या सुमारास पुन्हा मोजावे. या दोन आकड्यांतील फरक त्या पाण्यातील जीवनावर किती ताण आहे ते सांगतो. समुद्रसपाटीला ३० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात संपृक्त अवस्थेत लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम. म्हणून तापमान लिहिल्याशिवाय ऑक्सिजनच्या आकड्याला अर्थ नसतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली अनेक माशांवर ताण येऊ लागतो आणि २ च्या खाली हवेतून श्वास घेऊ शकणारे मोजके मासे सोडले तर बाकीच्यांना टिकणे कठीण होते.

ऑक्सिजन मीटर नसेल तर विंकलर पद्धतीने, म्हणजे बाटलीतील पाण्यातला ऑक्सिजन रसायनांनी पकडून, प्रयोगशाळेत अनुमापन करता येते. मात्र बाटली पाण्याखालीच भरावी, तीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये आणि रसायने जागेवरच घालावीत. तरंगत्या थराखाली मोजताना एक खबरदारी अत्यंत महत्त्वाची आहे. झाडे उपसून भोक पाडले की तिथे हवा मिसळते, पाणी ढवळले जाते आणि मीटर खोटा दिलासा देतो. त्याऐवजी मीटरची तार लांब काठीला बांधून, थराच्या कडेने आत सरकवून, पाणी स्थिर होईपर्यंत थांबावे आणि मग आकडा वाचावा. पृष्ठभागापासून एक वीत खाली, मध्यावर आणि तळाच्या गाळापासून थोडे वर, अशा तीन खोलींवर नोंद घ्यावी. उघड्या पाण्यातही त्याच खोलींवर मोजावे.

पारदर्शकतेसाठी २० सेंटिमीटर व्यासाची काळ्या-पांढऱ्या चतुर्थांशांची सेक्ची तबकडी पुरते. ती खाली सोडताना दिसेनाशी होते ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसू लागते ती खोली यांची सरासरी घ्यावी. सामू दोन्ही वेळी मोजावा. एकूण नत्र (नायट्रोजन) आणि एकूण स्फुरद यांसाठी नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत, आणि ते तळ्यात येणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशीही घ्यावेत, कारण खत कोणत्या दिशेने येते हे त्यातूनच कळते.

मुळांत राहणारे जीव

जलपर्णीचे एक रोप हलक्या हाताने, खालून बारीक जाळी धरून उचलावे आणि पांढऱ्या पसरट थाळीत थोडे पाणी घेऊन त्यात तिची काळपट, पिसांसारखी मुळे अलगद हलवावीत. पहिल्यांदा फक्त गाळ पडल्यासारखे वाटते. तो खाली बसू लागला की थाळी हालचालींनी भरते. टाचणीच्या डोक्याएवढ्या गोगलगायी, शेपटीकडे तीन पानांसारखे कल्ले असलेल्या टाचण्यांच्या (चतुरांच्या नाजूक नातलग कीटकांच्या) अळ्या, पाठीवर पोहणारे पाणकिडे, इवल्या कोळंब्या आणि कधी माशाचे पारदर्शक पिलू दिसते. या थाळीत काय आहे त्यावरून पाण्याची स्थिती बरीचशी वाचता येते. टाचण्या, चतुर आणि मेफ्लाय या कीटकांच्या अळ्या विविध प्रकारच्या असतील तर तिथे ऑक्सिजन पोहोचत आहे. थाळीत केवळ लालभडक कायरोनोमिड (डासांसारख्या, न चावणाऱ्या माश्यांच्या) अळ्या आणि ट्युबिफेक्स हे बारीक गांडूळवर्गीय कृमी वळवळत असतील तर ऑक्सिजन फार कमी आहे. दोघांचाही लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो आणि त्याच्या आधारे ते जवळजवळ ऑक्सिजनविरहित गाळातही तग धरतात.

तरंगत्या थराची कड आणि त्याचा मध्य यांत मोठा फरक पडतो. कडेच्या मुळांत प्राण्यांची संख्या आणि वैविध्य अनेकदा उघड्या पाण्यापेक्षाही जास्त असते, तर मोठ्या अखंड थराच्या मध्यभागी ते झपाट्याने घटते. म्हणून केवळ कडेचा नमुना घेऊन वनस्पती निरुपद्रवी आहे असे ठरवणे जितके चूक, तितकेच केवळ मध्याचा घेऊन सर्वनाश झाला आहे असे म्हणणेही चूक. दोन्हीकडचे नमुने सारख्या संख्येने घ्यावेत. आरोग्याच्या दृष्टीने डासांच्या अळ्याही पाहाव्यात. मॅन्सोनिया डासांच्या अळ्या पिस्टिया आणि जलपर्णीच्या मुळांना टोचून त्यांच्यातून हवा घेतात, त्यामुळे त्या पृष्ठभागावर येतच नाहीत आणि वरवर पाहणाऱ्याला दिसत नाहीत.

वनस्पतीचा परिणाम कधीकधी कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या वाटेने होतो. अमेरिकेतील आर्कन्सा राज्यात १९९० च्या दशकाच्या मध्यात बॉल्ड ईगल हे गरुड आणि कूट हे पाणपक्षी मेंदूच्या विकाराने मरू लागले. हायड्रिलाच्या पानांवर वाढणारा एक सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारा, नीलहरित शेवाळ म्हणूनही ओळखला जाणारा जिवाणू) ब्रोमीनयुक्त विष तयार करतो, हायड्रिला खाणाऱ्या कूट पक्ष्यांतून ते गरुडांपर्यंत पोहोचते, ही साखळी २०२१ मध्ये उलगडली. अशा घटना मोजणीच्या ठरलेल्या तक्त्यात बसत नाहीत, म्हणून तक्त्याच्या शेवटी मृत मासे, सुस्त पक्षी, पाण्याचा बदललेला वास यांसाठी मोकळी जागा ठेवावी.

आकड्यांचा अर्थ लावताना

एका तळ्यातील एकाच वेळच्या आकड्यांवरून परिणाम सिद्ध होत नाही. त्यासाठी शेजारचे, तितकेच खोल, तशाच पाण्याचे पण ती वनस्पती नसलेले तळे किंवा त्याच तळ्यातील मोकळा भाग तुलनेसाठी निवडून तिथेही त्याच दिवशी त्याच मोजण्या कराव्यात. उपाय करण्यापूर्वी किमान एक पूर्ण ऋतुचक्र आणि उपायानंतर त्याहून अधिक काळ दोन्हीकडच्या नोंदी चालू ठेवल्या, तर पावसामुळे झालेला बदल आणि वनस्पती काढल्यामुळे झालेला बदल वेगळे करता येतात. या दोन कारणांची गल्लत मोठ्या अभ्यासकांपुढेही उभी राहते. व्हिक्टोरिया सरोवरात १९९० च्या दशकाच्या मध्यात जलपर्णी खाणारे निओचेटिना सोंडकिडे सोडले गेले आणि दशकाच्या अखेरीस जलपर्णीचे क्षेत्र झपाट्याने घटले; त्याच सुमारास, १९९७-९८ मध्ये, एल निनोमुळे अतिवृष्टीही झाली होती, आणि श्रेय कशाला किती द्यायचे यावर संशोधकांत मतभेद झाले.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा की वनस्पती बिघाडाचे कारण आहे की बिघाडाचे लक्षण. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८२ मध्ये केलेल्या वर्गवारीनुसार पाण्यातील एकूण स्फुरदाची वार्षिक सरासरी लिटरमागे ०.०३५ मिलिग्रॅमच्या वर गेली की तळे अतिपोषित, म्हणजे गरजेपेक्षा जास्त खत मिळालेल्या, गटात जमा होते. आपल्या तळ्यातील स्फुरद याच्या कित्येक पट असेल, तर वनस्पती काढल्यावर उरलेले खत कोण वापरणार, हा प्रश्न काढणीपूर्वीच विचारावा. दक्षिण आफ्रिकेतील हार्टबीस्पोर्ट धरणात १९७० च्या दशकाच्या अखेरीस तणनाशक फवारून जलपर्णी हटवण्यात आली. सांडपाण्याचा पुरवठा तसाच राहिल्याने तिची जागा मायक्रोसिस्टिस या विषारी सायनोबॅक्टेरियाच्या दाट थरांनी घेतली, आणि पुढे जलपर्णीही परत आली.

काढणीचे नियोजन

वनस्पती मारून पाण्यातच सडू देणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक मार्ग आहे, हे एका साध्या हिशेबाने दाखवता येते. एक हेक्टर क्षेत्राचे, सरासरी दोन मीटर खोल तळे घ्या. त्यात दोन कोटी लिटर पाणी आहे आणि ३० अंशांना ते पूर्ण संपृक्त असले तरी त्यात जेमतेम १५० किलो ऑक्सिजन आहे. त्यावर चौरस मीटरमागे १० किलो जलपर्णी असेल तर एकूण ओले वजन १०० टन होते. जलपर्णीत ९५ टक्के पाणी धरले तर ५ टन कोरडा पदार्थ उरतो आणि त्यात ४० टक्के कार्बन धरला तर तो २ टन भरतो. हा सारा कार्बन कुजून कार्बन डायऑक्साइड व्हायला ५ टनांहून अधिक ऑक्सिजन लागतो, म्हणजे तळ्यात एका वेळी असलेल्या साठ्याच्या सुमारे ३५ पट. कुजणे काही आठवडे चालते आणि दरम्यान हवेतून ऑक्सिजन मिसळत राहतो हे खरे, पण उष्ण आणि वाराविरहित दिवसांत तो पुरवठा या मागणीच्या जवळपासही जात नाही. याच ५ टनांत नत्र २ टक्के आणि स्फुरद ०.३ टक्के धरल्यास १०० किलो नत्र आणि १५ किलो स्फुरद असते. हे १५ किलो पाण्यात सुटले तर लिटरमागे ०.७५ मिलिग्रॅम होतात. वर सांगितलेल्या मर्यादेच्या वीस पटींहून अधिक. उलट, तीच वनस्पती बाहेर काढली तर हेच खत तळ्यातून कायमचे जाते, आणि काढणीचा खरा पर्यावरणीय लाभ त्यातच आहे.

यातून नियोजनाचे नियम आपोआप निघतात. सबंध तळे एका दमात मोकळे करू नये. सुमारे एक तृतीयांश भाग आधी काढावा, पहाटेचा ऑक्सिजन आणि पारदर्शकता पाहावी, आणि मगच पुढच्या भागाला हात घालावा, म्हणजे मुळांत आसरा घेतलेल्या जिवांना सरकायला जागा राहते. काम वरच्या प्रवाहाकडून खालच्या बाजूला न्यावे आणि खालच्या टोकाला तरंगते आडवे जाळे बांधून सुटलेले तुकडे अडवावेत. फुले येण्यापूर्वी आणि मासे व पक्षी यांच्या विणीचा हंगाम टाळून काम करावे. दोन्ही अटी एकत्र जुळत नसतील तर घरटी असलेला पट्टा शेवटी घ्यावा. उचललेला प्रत्येक ढीग काठावर उताराच्या पाण्याकडील बाजूला काही वेळ ठेवला की मुळांतले कित्येक प्राणी स्वतःहून पाण्यात परततात. मात्र त्यानंतर तो ढीग काठापासून दूर न्यावा, नाहीतर पहिल्या पावसात त्याचा रस पुन्हा तळ्यातच उतरतो. बुडालेल्या वनस्पती यंत्राने कापणे मला शेवटचा पर्याय वाटतो, कारण प्रत्येक कापणीत हजारो तुकडे सुटतात; लहान पट्ट्यांवर तळाशी अपारदर्शक चादर अंथरून प्रकाश तोडणे किंवा मुळासकट हाताने उपटणे अधिक भरवशाचे आहे.

काढलेल्या वनस्पतीचे खत करायचे असल्यास ढिगाचे तापमान बिया मरतील इतके चढले पाहिजे. सांडपाण्याच्या तळ्यातील जलपर्णी मुळांत जड धातू साठवून ठेवते, म्हणून अशा ठिकाणचे खत किंवा चारा वापरण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

जैविक नियंत्रण संथ असते, पण योग्य जागी टिकाऊ ठरते. पापुआ न्यू गिनीतील सेपिक नदीच्या खोऱ्यात साल्व्हिनियाच्या ऊतींत नत्र इतका कमी होता की सोंडकिडे सुरुवातीला स्थिरावेनात. वनस्पतीला यूरिया दिल्यावर त्यांची संख्या वाढली आणि मग त्यांनी ती आटोक्यात आणली. परका कीटक सोडण्याचा निर्णय मात्र काटेकोर चाचण्यांनंतर शासकीय यंत्रणेनेच घ्यायचा असतो, हौशी गटाने कधीही नाही. गवत्या माशाबद्दलही (ग्रास कार्प) हीच सावधगिरी बाळगावी. तो आवडीच्या स्थानिक वनस्पती आधी संपवतो आणि तळे गढूळ करून सोडतो. तणनाशकाचा विचार परवानगी, पिण्याच्या पाण्याची स्थिती आणि वर दिलेला कुजण्याचा हिशेब या तिन्हींची उत्तरे हाती आल्यावरच करावा.

कामाच्या सुरक्षिततेविषयी थोडक्यात एवढेच, की तरंगता थर कितीही घट्ट दिसला तरी त्यावर पाय ठेवू नये, एकट्याने पाण्यात उतरू नये आणि सर्वांनी जीवरक्षक जाकीट घालावे.

काढणीनंतरची वर्षे

जलपर्णीच्या बिया गाळात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतात आणि थर हटून प्रकाश पोहोचला की, विशेषतः पाणी उतरलेल्या काठांवर, रुजू लागतात. हायड्रिलाचे कंद गाळात काही वर्षे सुप्त राहतात. त्यामुळे पहिल्या वाढीच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी काठाची फेरी मारून कोवळी रोपे हाताने उपटावीत. नंतर दरमहा फेरी पुरते, पण ती अनेक वर्षे चालू ठेवण्याची तरतूद पहिल्याच दिवशी करावी. मोकळ्या झालेल्या जागेत स्थानिक वनस्पती स्वतःहून येतात का ते पाहावे. दोन हंगामांत आल्या नाहीत तर त्याच पाणलोटातील स्थानिक रोपे लावावीत.

एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना जाळी, बूट, होडीचा तळ आणि दाताळ्याचे दाते तपासावेत, काठावरच धुवावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. धुतलेले पाणी नाल्यात जाऊ देऊ नये. मत्स्यालयातील जुनी वनस्पती तळ्यात सोडण्याऐवजी उन्हात वाळवून कचऱ्यात टाकावी. नोंदींचा तक्ता आधीच्याच थांब्यांवर, त्याच वेळी आणि त्याच साधनांनी भरत राहावा, आणि पहाटेचा ऑक्सिजन पुन्हा घसरू लागल्यास सर्वप्रथम नाल्यांच्या तोंडाशी जाऊन स्फुरदाचे नवे नमुने घ्यावेत.